काठीले दोन पोटं, दोन बांगड्या

रविवारी सकाळी आठ वाजून गेले तरी आतल्या खोलीतून आवाज आला नाही. ओसरीवर तुरी निवडत बसलेल्या भागीरथाचे हात सुपातच थांबले. एरवी या वेळेला अंकुशचा कॉम्प्युटर बोलायला लागलेला असे. बाईचा आवाज, पण मध्ये दमसुद्धा न घेणारा, वाळल्या शेंगा फोडाव्यात तसा ताडताड. तो काय बोलतो ते भागीरथाला सहा वर्षांत एक अक्षर कळलं नव्हतं. मात्र तो बोलत असला की पोरगा कामात आहे, ठीक आहे, एवढं तिला घरात कुठेही बसून समजायचं.

आज नुसती बटणांची टकटक ऐकू आली. मग सगळं गप्प. मग परत टकटक, पहिल्यापेक्षा जोरात.

अंकुश तिचा धाकटा. दहावीत होता तेव्हा दिवेलागणीला दारातल्या पायरीवर ठेचकाळायला लागला. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, औषध नाही, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. विसावं लागेपर्यंत सगळं गेलं. त्यानंतरची दोन वर्षं भागीरथा त्याला ताटातला घास कुठे आहे तेही सांगायची आणि तो ताट सरकवून उठून जायचा. मग एक दिवस कुणाचं न ऐकता तो तळेगावहून बसने एकटा नागपूरला गेला, सहा महिने राहिला आणि बोलणारा कॉम्प्युटर शिकून आला. आल्यावर त्याने आतल्या खोलीत टेबल मांडलं आणि आईला बजावलं, "या टेबलाले कोणी हात लावायचा नाई. वस्तू जिथली तिथं राह्यली पाह्यजे, तरच मले सापडते."

तिने ते पाळलं. म्हणजे, जवळजवळ पाळलं.

ती उठून दारात गेली. अंकुश टेबलाखाली वाकून वायरी चाचपत होता.

"काऊन बोलून नाई राह्यला आज?" तिने विचारलं.

"सुरूच होत नाई. पंखा फिरते, दिवे लागते, पण समोर काहीच नाई. आवाज यायच्या पहिलेच कुठंतरी अडकते." तो उठून बसला. कपाळावर घाम होता आणि जानेवारीचा महिना चालला होता. "आई, तू याले हात लावला होता काय?"

"नाई बा," ती म्हणाली.

फार पटकन म्हणाली, हे तिचं तिलाच कळलं.

आजचा दिवस साधा नव्हता. बरोबर अकरा वाजता अंकुशचा पहिला वर्ग होता. ज्या संस्थेत तो शिकला, तिनेच आता त्याला शिकवायला सांगितलं होतं. गोंदियापासून बुलढाण्यापर्यंतची बारा मुलं-मुली, सगळी त्याच्यासारखीच न दिसणारी, आपापल्या घरून फोनवर जोडली जाणार होती. अंकुशचा कॉम्प्युटर बोलणार, ती ऐकणार आणि तशी शिकणार. तीन महिने खपून त्याने धडे तयार केले होते, आपल्या आवाजात भरून ठेवले होते. ते सगळे कॉम्प्युटरच्या त्या पेटीतच होते.

त्याने आर्वीच्या एका दुकानवाल्याला फोन लावला. स्पीकरवर असल्यामुळे भागीरथालाही ऐकू आलं.

"उद्या घेऊन या भाऊ," दुकानवाला म्हणाला. "फॉरमॅट मारून देतो, नवाकोरा होते."

"आणि आतलं सारं?"

"आतलं जाईन ना. फॉरमॅट म्हटल्यावर जाईनच."

अंकुशने फोन ठेवला. त्याची मोठी बहीण जया वर्ध्याला दवाखान्यात नर्स होती. अशा वेळी व्हिडिओवरून तीच पडदा वाचून दाखवायची आणि भागीरथा फोन धरून उभी राहायची, खुंटीसारखी. पण जयाची सकाळची ड्युटी होती, फोन कपाटात, दोनशिवाय ती सापडणार नव्हती. वडील अण्णाजी पहाटेच तूर काढायला शेतात गेले होते, आणि इंग्रजीच्या नावाने त्यांचाही आनंदच होता. अंकुशच्या फोनमध्ये छापलेलं वाचून दाखवणारं एक ॲप होतं. त्याने फोन पडद्यासमोर धरून पाहिला. चकाकीमुळे ते एकच शब्द तीनदा म्हणालं, "प्रेस, प्रेस, प्रेस," आणि थांबलं.

"म्हणजे काहीतरी लिहून आलं आहे," अंकुश पुटपुटला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडून निघायला जड गेलं असावं.

"आई, इथं बस. पडद्यावर काय दिसते ते सांग."

भागीरथा पदराला हात पुसत आली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलासमोर बसली. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या ओळी.

"इंग्रजी आहे रे सारं. मी चौथी शिकलेली. मले काय समजते?"

"समजू नको. नुसतं कसं दिसते ते सांग. पहिल्या ओळीतलं पहिलं अक्षर."

तिने डोळे बारीक केले. "बांगडी आहे. पण फुटलेली, इकडच्या हाताले."

"उजवीकडून उघडी? सी. पुढं?"

"दोन डोंगर शेजारी-शेजारी."

"एम."

"मग पुरी बांगडी. मग साप."

"साप?"

"वळवळते ना साप, तसा."

"एस!" अंकुश एकदम ताठ बसला. "सी, एम, ओ, एस. आई, समजलं! याच्या आत नाण्याएवढा एक सेल असते. लाईट नसली तरी त्याच्या जोरावर कॉम्प्युटर आपल्या गोष्टी ध्यानात ठेवते. तो सेल मेला. आता याले आठवूनच नाई राह्यलं का सुरुवात कुठून करायची."

"म्हणजे आतलं गेलं नाई?"

"आतलं जागेवर आहे. याले रस्ता दाखवावा लागन फक्त."

खाली लिहिलेलं कळायला आणखी दहा मिनिटं लागली, पण आकडे भागीरथाला फोनमुळे येत होते, आणि 'दोन दातांची मोडकी फणी आणि एक' म्हटल्यावर अंकुशने एफ वन हे बटण दाबलं. पडदा निळा झाला. वर एका रांगेत पाच-सहा शब्द आले, खाली नुसती अक्षरांची दाटी.

"आता वरच्या रांगेतला एक शब्द पाह्यजे. त्यात मधे दोन बांगड्या आहेत," अंकुश म्हणाला. "मी बाणाचं बटन दाबतो. पांढरी पट्टी एकेका शब्दावर सरकन. दोन बांगड्यावाल्यावर आली का थांब म्हणजो."

तो दाबत गेला. पट्टी सरकत गेली आणि सरकता सरकता एका शब्दावरून पुढे निघूनही गेली. भागीरथाचे डोळे तिच्या मागे धावत होते.

"थांब! आहे, दोन बांगड्या आहे."

त्याने एंटर दाबलं, काय दिसतं ते विचारलं. खाली दोनच ओळी होत्या. त्याने आणखी काहीबाही दाबलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नको ते उघडत होतं, परत मागे यावं लागत होतं. बाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळाने साडेनवाचा टोला दिला.

"आई, नीट पाह्य ना!" अंकुश ओरडला. "एवढंसं सांगता येत नाई काय?"

भागीरथा उठली. ओसरीवर जाऊन सुपासमोर बसली आणि तुरीतले खडे वेचायला लागली. रागाच्या भरात चांगले दाणेही खड्यांबरोबर बाहेर पडत होते. थोड्या वेळाने आतून काठीचा आवाज आला. अंकुश उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"आई."

"सहा वर्षं," ती वर न बघता म्हणाली, "सहा वर्षं मले त्या टेबलाले हात लावू नाई देलं. फोन धरून उभं राह्य म्हटलं, राह्यलो. आज एकदम सारं नीट दिसलं पाह्यजे. मले कोणी शिकवलं रे? तू जगाले शिकवाले निघाला. मले एक अक्षर सांगतलं कधी?"

अंकुश चाचपत तिच्याजवळ खाली बसला.

त्याला तसं बसलेलं पाहून तिचा राग ओसरला आणि त्याखाली दडलेलं वर आलं.

"आणि एक सांगू? थे बटन... भिंतीवरचं. मी बंद करून राह्यलो होतो. रोज, तू झोपला का. त्या रोजी वीज कडाडली, शेजारच्यायचा टीव्ही जळला, तवापासून. मले भ्या लागे का तुहाबी कॉम्प्युटर जळून जाईन म्हणून. सकाळी तू उठाच्या पहिले चालू करून ठेवो. टेबलाले हात नाई लावला मी. बटन भिंतीवर आहे म्हणून..."

ती ऐकत राहिली, आता हा काय म्हणतो म्हणून. अंकुशच्या छातीतून हसू फुटलं.

"भिंतीवर आहे म्हणून!" तो म्हणाला. "अवं आई, सेल सहा वर्षांचा झालता. दिवाळीपासून कॉम्प्युटरचं घड्याळ चुकीची तारीख सांगे, मी म्हटलं जाऊ दे. माह्या ध्यानात यायले पाह्यजे होतं. तुह्या बटनानं दोन महिने आधी मेला असन, एवढंच. मरणारच होता." मग जरा थांबून म्हणाला, "मी ओरडाले नाई पाह्यजे होतं. हात दे तुहा."

तिने हात पुढे केला. त्याने तो उताणा केला आणि आपलं बोट तळव्यावरून फिरवायला सुरुवात केली. वरून खाली एक सरळ रेघ. मग त्या रेघेच्या उजव्या अंगाला वर एक अर्धगोल, खाली एक अर्धगोल.

"काय आहे सांग?"

"काठीले दोन पोटं."

"हा बी. आपल्या शब्दाचं पहिलं अक्षर हे पाह्यजे. मग दोन बांगड्या. मग शेवटी हे." त्याने उभी रेघ ओढली आणि तिच्या डोक्यावर आडवी.

"मांडवाचा खांब."

"टी. तू मघाशी जो शब्द सांगतला त्यातबी दोन बांगड्या असन, पण सुरुवात कायनं होती?"

तिने आठवून पाहिलं. "खांबानंच होती रे! खांब पहिले होता."

"म्हणजे तो दुसराच शब्द. मीच अर्धं सांगतलं तुले, मग तू तरी काय करशीन?"

त्याचं बोट अजून तिच्या तळव्यावर होतं. पोराला डोळ्यांनी पाहिलेली अक्षरं अजून आठवतात, हे भागीरथाला तोवर माहीत नव्हतं. तो ती कधी काढतच नव्हता. कुणासाठी काढणार?

दोघं परत आत जाऊन बसली. या वेळी अंकुश बाणाचं बटण सावकाश दाबत होता आणि प्रत्येक शब्दाला थांबत होता. "डोंगर आहे पहिले... हा नाई. हा नाई... हां! काठीले दोन पोटं, दोन बांगड्या, खांब! थांब!"

आत गेल्यावर दोन नावं खाली-वर होती. अंकुशने समजावलं, की पेटीत दोन साठवणी आहेत. एक जुनी, तिच्यात नुसतं सामान. एक नवी, तिच्यातून कॉम्प्युटर जागा होतो. विसरल्यामुळे तो जुनीचंच दार ठोठावत बसलाय. "नवीच्या नावात दोन साप शेजारी-शेजारी आहेत, आणि मग काठीले एकच मोठं पोट."

"दोन साप खालच्या ओळीत आहे."

"त्याले वर आणू." त्याने एक बटण दाबलं.

"आले! साप वर आले!"

मग त्याने केलेला बदल सांभाळून ठेवणारं बटण दाबलं. पडदा काळा झाला. पंखा फिरला, दिवा लुकलुकला, आणि तो ताडताड बोलणारा आवाज खोलीभर झाला. अंकुशने दोन्ही हात टेबलावर पसरले, जणू कुणी ते हिसकावून नेणार होतं. दहाला पाच मिनिटं कमी होती.

"धडे पाह्य," ती म्हणाली.

त्याने पाहिले. सगळे होते. पहिला धडा सुरू केला तेव्हा त्याचाच आवाज आला, "नमस्कार, मी अंकुश," आणि त्याने लाजून बंद केला.

ती चहा ठेवायला उठली, आधण आलं, आणि लाईट गेली.

आतला आवाज मध्येच तुटला. सेल मेलेलाच होता. लाईट आली तरी कॉम्प्युटर परत सगळं विसरलेला असणार.

"तो सेल कुठं भेटते?" भागीरथाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"घड्याळवाल्याकडे, मोबाईलवाल्याकडे. पण आज रविवार..."

"गजेंद्रचं दुकान उघडं राह्यते दुपारपर्यंत. नमुना दे."

अंकुशने पेटीचं झाकण काढलं. आता डोळ्यांची गरज नव्हती. त्याची बोटं आत शिरली, वायरी बाजूला करत बरोबर जागेवर पोचली, नखाने एक खटका दाबला आणि नाण्याएवढा सेल वर उडाला. भागीरथा बघत राहिली. अंधारात ठेवलेल्या डब्यातून मोहरी कुठली आणि जिरं कुठलं हे आपल्याला जसं कळतं, तसं याला हे कळतं, असं तिला वाटलं. इतकी वर्षं तिने त्याला या टेबलाशी नुसतं बसलेलंच पाहिलं होतं.

सेल रुमालात बांधून ती निघाली. हायवेच्या कडेला गजेंद्रचं मोबाईलचं दुकान होतं. त्याने नमुना हातात घेऊन उलटा-पालटा केला.

"काकू, वजनकाट्यात टाकाले पाह्यजे काय?"

"कॉम्प्युटरमधे. त्याची याददाश्त गेली," भागीरथा म्हणाली. "लवकर दे, अकराले क्लास आहे."

गजेंद्र तिच्याकडे पाहतच राहिला. बरणीतून नवा सेल काढून देताना त्याने ती कोणत्या क्लासला चालली ते विचारलं, पण ती तोवर रस्ता ओलांडत होती. ट्रकांची रांग थांबायची वाट पाहावी लागली तेवढाच वेळ ती थांबली.

घरी पोचली तेव्हा लाईट आलेली होती आणि साडेदहा वाजून गेले होते. अंकुशने सेल बसवला. निळा पडदा आला. यावेळी त्याला काही विचारावंच लागलं नाही. "एक उजवीकडे," ती सांगत गेली. "अजून एक. डोंगर नाई, थो नाई. खांबावाला आला, मागं ये एक. हां, दोन पोटं. आत जाय. साप खाली आहे, वर घे. झालं, ठेव सांभाळून."

तीन मिनिटं लागली. आवाज आला.

अकराला दोन मिनिटं कमी असताना एकेक मुलगा-मुलगी जोडली जाऊ लागली. भागीरथा दाराशी बसून ऐकत होती. कुणी गोंदियाचं, कुणी मलकापूरचं. अंकुशचा आवाज पहिली दोन वाक्यं कापला, मग सावरला. त्याने ठरवलेला पहिला धडा बाजूला ठेवला आणि सकाळी काय झालं तेच आधी सांगितलं. सापाचं, बांगडीचं, सगळं. मुलं खो-खो हसली. भागीरथाने पदर तोंडाला लावला.

मग एक मुलगी म्हणाली, "सर, मी वर्षाली, नाचणगावहून. माहा कॉम्प्युटर एक महिन्यापासून असाच पडला आहे. मी आज मैत्रिणीच्या फोनवरून बसलो. घरी आई आहे नुसती, तिले इंग्रजी येत नाई."

अंकुशने दाराकडे तोंड वळवलं. "आई, इकडे येतं काय जरा?"

ती आली. पलीकडून एक बिचकलेला आवाज आला, "मी वर्षालीची आई, सुलोचना. ताई, मले तं मराठीबी धड वाचता नाई येत. मी काय सांगणार?"

"वाचाचंच नाई," भागीरथा म्हणाली. "कसं दिसते तेवढं सांगाचं. मी आहे ना. मंगळवारी दुपारी सवड आहे काय तुमाले?"

मंगळवारी चारला फोन करायचं ठरलं. वर्ग पुढे सुरू झाला आणि साडेबाराला संपला. अंकुशने कानावरचा हेडफोन काढला तरी भागीरथा तिथेच स्टुलावर बसून होती.

"आई, काय झालं?"

"एकूण किती अक्षरं असते रे इंग्रजीत?"

"सव्वीस."

"मले आठ-दहा तं आली आज. बाकीचे मंगळवारपर्यंत होते काय? तिच्या पडद्यावर काय येईन काय माहीत."

"होईन ना." अंकुश जरा घुटमळला. "पण आई, आज नशीब होतं. आपल्या पडद्यावर सारे मोठेच अक्षर होते. छोटे वेगळे असते. दिसाले दुसरेच."

"म्हणजे अजून सव्वीस?"

"हो."

भागीरथाने क्षणभर विचार केला, स्टूल टेबलाजवळ ओढलं आणि उताणा हात त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मंग बसून काऊन राह्यला? काढ."